तांबड्या लादीवरचं भिंडेल

५ नोव्हेंबर १९७८, धारगळ

जयरामने म्हापशाहून ही वही आणून दिली. म्हणाला, "अक्का, तू आता बालवाडीची बाय. काय काय जाता तां लिवन ठेव." पोरं सांभाळून आधीच हात दुखतात, त्यात ही लिहिण्याची भर. पण भावाने हौसेने आणली आहे, तर लिहिते. रोज लिहीन असं वचन मात्र कोणाला देत नाही.

तर मी वत्सला. माझी बालवाडी आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भरते. हमरस्त्याकडे तोंड, गजांचं मोठं जनेल म्हणजे खिडकी, भरपूर उजेड. पूर्वी इथे नारळांचा ढीग आणि कुळीथाची पोती असायची. चवथीच्या आधी जयरामने शेणाची जमीन उकरून तांबड्या सिमेंटची गुळगुळीत लादी घातली आणि म्हणाला, "ही खोली तुझी." एवढंच म्हणाला. मी चुलीपुढे जाऊन रडून घेतलं. एक्केचाळीस वर्षांची झाले, या घरात माझी म्हणावी अशी एक पत्र्याची ट्रंक होती. आई गेली तेव्हा जयराम नुकता चालायला लागला होता. त्याला कोण बघणार म्हणून माझं लग्न पुढे ढकललं, ते ढकललेलंच राहिलं. त्याचं मात्र मी वेळेवर लावून दिलं.

पुढच्या महिन्यात तालुक्याच्या बाई जागा बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडली की बालवाडीला मान्यता, मला पगार, पोरांना दुधाची पावडर. नाही पडली तर मी आहेच, भावाच्या घरात भाकऱ्या थापायला.

आजचा पराक्रम बाबलीचा. त्याने देवाच्या फळीवरची तेलाची बाटली काढली, घोटभर पिऊन बघितली, आवडली नाही म्हणून लादीवर ओतली आणि तिच्यात बसून घसरत गेला. मग सगळ्यांनीच तसं केलं. मी पेज उतरवून येईपर्यंत खोलीत देवळातल्या दीपमाळेसारखी चकचकणारी पोरं. ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच आलं. तेलावर आधी पाणी ओतायचं नसतं, नाहीतर ते सगळं घर फिरून येतं. आधी भाताचा कोंडा टाकला, तो तेल पिऊन जड झाला तसा सुपाने भरला. मग राख. मग कढत पाणी, शिकेकाई आणि नारळाच्या सोडणाचा घासा. पोरांना विहिरीवर नेऊन बेसन चोळलं. बाबली म्हणाला, "बाय, आता माका तळतलंस?"

जयराम दारात उभा राहून सगळं बघत होता. हसता हसता एकदम म्हणाला, "तालुक्याची बाय येतली त्या दिवसा असां जालां तर गे? निसरडी लादी बघून ती काय म्हणतली?" मी म्हटलं, शुभ बोल रे. माझी काळजी माझ्यापेक्षा त्यालाच जास्त.

११ नोव्हेंबर

भिंतीला परवाच चुना लावला होता. आज बघते तर खाली ओळीने तेलकट वाटोळे डाग. आया पोरांच्या डोक्यावर खोबरेल असं थापतात की मुंग्यांनी बिऱ्हाड करावं. पोरं भिंतीला टेकून बसतात, डोकी उमटतात. सगळ्यात खालचा डाग माझ्या भाचीचा, सुमंगलाचा. ती जयरामची मुलगी, चार वर्षांची. जरा वरचा गंगाचा, तो खरवडलेला बाबलीचा, त्याला डोकं घासायची खोड. चुना परत लावणार नाही. तालुक्याच्या बाईंना सांगेन, हा आमचा हजेरीपट.

दुपारी पोरांना उसळ आणि अर्धा पाव देते. जेवल्यावर ज्याने त्याने आपली जागा पुसायची, ही माझी शिस्त. आमच्या लहानपणी शेणाची जमीन होती, तेव्हा उष्ट्याला शेण लावायचो. घरात बाईमाणूस मी एकटी, म्हणून जयरामलाही शिकवलं. पोरगा डावरा. डाव्या हाताने उष्टं पुसतोस म्हणून मी त्याला किती चापट्या मारल्या असतील. शेण सुकलं की दिसायचं: आम्हा सगळ्यांच्या हाताचे अर्धगोल एका बाजूला झुकलेले, त्याचा एकट्याचा उलटा. बाबा म्हणायचे, जयराम जेवून गेला हे जमीन सांगते. आता सुमंगलाही तशीच निघाली. आज ती डाव्या हाताने पुसत होती, मी सवयीने चापट मारली. तिने फडकं उजव्या हातात घेतलं आणि माझी पाठ वळल्यावर परत डाव्यात. बापाचीच मुलगी.

१८ नोव्हेंबर

गोपाळ सुतार येऊन खोलीची मापं घेऊन गेला. जयरामने बोलावलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "तुझ्या पाट्यांक कपाट नको?" मला केवढं बरं वाटलं. न मागता देणारा भाऊ सगळ्यांना कुठे मिळतो.

गोपाळ मात्र अर्धवट आहे. सगळी मापं त्याने जनेलाचीच घेतली. जाताना जयरामला विचारतो, "मेज जनेलाक टेकवनच बसवचा मां? रस्त्यार हात पोचाक व्हयो." मी आतून ओरडले, कपाटाला रस्ता कशाला? गोपाळ जयरामकडे बघायला लागला. जयरामने त्याला हाताला धरून बाहेर नेलं आणि विडी दिली.

रस्त्यावर हल्ली ट्रकांची रांग तुटत नाही. समोरच्या वडाखाली थांबून ड्रायव्हर चहा कुठे मिळेल म्हणून विचारतात. आमच्या घरात विचारतात म्हणजे बघा. जयराम ओट्यावर बसून त्यांच्याशी तासन् तास बोलतो. बागायतीत लक्ष नाही त्याचं. म्हटलं बोलू दे, शेवटी पुरुषमाणूस आहे.

२२ नोव्हेंबर

आज पाट्यांचा सत्यानाश. सकाळी पोरांना पाट्या वाटल्या तर पेन्सिल उमटेच ना. नुसती घसरते. वास घेतला, बोटाने खरवडलं, तर भिंडेल. कोकमाच्या बियांचं हे तेल थंडीत दगडासारखं थिजतं. त्याच्या ढेपा करून ठेवतात आणि पायाच्या भेगांना गरम करून भरतात. आमच्या घरात ते विनोदिनीचं. ती माझी भावजय, सुर्ल्याची. तिच्या टाचा पहिल्यापासून फुटलेल्या. ती म्हणते माहेरच्या खाणीची तांबडी धूळ अजून पायात आहे.

कोणीतरी ती ढेप खडूसारखी धरून सगळ्या पाट्यांवर, खिडकीच्या गजांवर, लाकडी घोड्याच्या पाठीवर घासली होती. पाट्या चुलीच्या धगीवर धरून तेल वितळवलं, कोळशाची पूड चोळली, राखेने घासल्या. नखं काळी झाली. पोरं खूश, दिवसभर अभ्यास नाही.

सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं. बाबलीने सवयीने कबूल केलं. त्याला काय केलं हेही ठाऊक नव्हतं. मग सुमंगला म्हणाली, "माका बाबान दिल्यान. पांढरो खडू आसा, लिव म्हणान." मी तिचा कान धरला. बापाच्या नावावर खोटं बोलायचं या वयात शिकली, आणि कोणाकडून शिकली हे सांगायला नको. जयरामला रात्री जेवताना सांगितलं तर तो हसला नाही, रागावलाही नाही. ताटातला भात चिवडत म्हणाला, "पोरांच्या बोलण्यार काय जातंस." किती शांत झालाय तो.

२३ नोव्हेंबर

विनोदिनीशी कडाक्याचं भांडण. सकाळीच ती पाय आपटत आली. "वंस, माझ्या भिंडेलाच्यो ढेपो कोणी व्हेल्यो? दिवाळेच्या आदी डब्यात ठेवल्ल्यो. आता डबो रिकामो."

मी म्हटलं, तूच मुलीच्या हातात दिलंस आणि वर मलाच विचारतेस?

"मी कित्याक देव? माझे पाय बघा." तिने पाय पुढे केला. टाचेतून रक्त येत होतं खरं. पण मला त्या वेळी ते दिसलं नाही, म्हणजे दिसलं पण बघितलं नाही. मी बोलून गेले की तुला माझी खोली पहिल्यापासून सलते. लग्न होऊन आलीस तेव्हापासून या घरात मी जास्त झाले आहे.

तिने पाय मागे घेतला. मग म्हणाली, "वंस, खोली कोणाक सलता तां तुमी माका विचारू नकात." आणि निघून गेली. सरळ उत्तर द्यायचंच नाही, हा सुर्लेकरांचा गुणच असावा.

संध्याकाळी जयरामने माझी बाजू घेतली. तिला सगळ्यांसमोर बोलला. ती डोळ्याला पदर लावून आत गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२ डिसेंबर

गंगाची आई पार्वती तक्रार घेऊन आली. ती सावंतवाडीकडची, नवरा-बायको इथे मजुरीला येतात. गंगाच्या एकुलत्या एक बऱ्या फ्रॉकला मागून भिंडेल फासलेलं. म्हणजे बसायच्या पाटावर लागलं होतं. "बाय, पोर पाठवतंय ती कपडे बिघडवूक नाय," म्हणाली. खरंच आहे. मी फ्रॉक ठेवून घेतला. वर्तमानपत्राच्या दोन कागदांमध्ये घालून गरम तांब्याने दाबला. कागद तेल शोषतो. मग शिकेकाईत भिजवून उन्हात टाकला. डाग गेला, वास राहिला.

पाट रात्री मी स्वतः धुऊन ठेवले होते. खोलीला कडी होती. मुलं सकाळी आली तेव्हा तेल आधीच तिथे होतं. विनोदिनीशिवाय दुसरं कोण? जयरामला म्हटलं, कडीला कुलूप लावूया. तो म्हणाला, "घरात कुलूप? लोक काय म्हणतले?" बरोबरच आहे. आपल्याच माणसांसाठी कुलूप लावायचं म्हणजे शोभा.

१० डिसेंबर

उद्या तालुक्याच्या बाई येणार. दिवसभर राबले. पाट्या, पाट, गज, घोडा, सगळं राखेने आणि शिकेकाईने काढलं. दारात रांगोळी. पोरांना बजावून ठेवलं आहे की उद्या डोक्याला तेल नको. एका दिवसाने कोणी टक्कल पडत नाही. जास्वंदीच्या फुलांची माळ सुमंगलाने केली आहे, बाईंना घालायला.

लादी पुसायची राहिली होती. कंबर धरली तसा जयराम आला आणि माझ्या हातातली बालदी घेतली. "अक्का, तू दमलंस. नीज जा. लादी मी पुसतंय." मी नको म्हटलं तर म्हणाला, "तुझ्या हाताखाली शिकलंय. इतक्याय येना काय माका?"

खोलीतून बाहेर पडताना मागे वळून बघितलं. कंदील जमिनीवर ठेवून, गुडघ्यावर बसून माझा भाऊ माझ्या बालवाडीची लादी पुसत होता. देवा, मला आणखी काही नको. हे लिहिताना डोळे भरून आले आहेत, म्हणून अक्षर असं.

११ डिसेंबर

बाई आल्या. चांगल्या होत्या, साध्या. जीपमधून उतरल्या, ओट्यावर चपला काढल्या. ओट्यावर रांगेत उभी केलेली पोरं "नमस्ते बाई" म्हणाली, बाबलीसुद्धा. सुमंगला माळ घेऊन आतून धावत निघाली. दारापाशी तिचा पाय असा गेला की मला कळलंच नाही. हनुवटी उंबऱ्यावर आपटली. बाई तिला धरायला पुढे झाल्या आणि त्याही घसरल्या, पण दाराची चौकट हाती लागली म्हणून वाचल्या. तांबड्या लादीवर रक्त आधी दिसतच नाही. माळेतल्या जास्वंदी कुठल्या आणि रक्त कुठलं हेही कळेना.

जयराम रस्त्यावरून धावत आला. मुलीला छातीशी धरून तो ओक्साबोक्शी रडला. "माझां चुकलां, माझां चुकलां," एवढंच म्हणत होता. बाई मला म्हणाल्या, फार जीव आहे हो वडिलांचा. पेडण्याला नेऊन टाके घातले. पोरगी टाक्यांना रडली नाही, माळ तुटली म्हणून रडली.

बाई जाताना म्हणाल्या, "वत्सलाबाई, तुमची मुलं फार गोड आहेत. पण ही जमीन अशी, आणि दार हमरस्त्यावर. मी हो म्हणू शकत नाही. दुसरी जागा मिळाली तर कळवा, मी परत येईन."

दुसरी जागा कुठे आहे मला?

१२ डिसेंबर

पोरांना सुट्टी दिली. कोंडा, राख, घासा घेऊन बसले. सकाळचं ऊन दारातून तिरपं येत होतं. लादीवर पांढरट झाक होती. भिंडेल. वितळवून, फडक्याने, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पातळ लावलेलं आणि रात्रीच्या गारव्याने थिजलेलं. पोराने ढेप घासली तर रेघा उठतात. हे रेघांचं काम नव्हतं. कोणीतरी गुडघ्यावर बसून नीट सारवलं होतं, आपल्याकडे सारवतात तसं, अर्धगोलाला अर्धगोल लावून.

सगळे अर्धगोल उलटे होते.

१३ डिसेंबर

जेवले नाही. विनोदिनीने पेज आणून ठेवली, तशीच नेली.

१४ डिसेंबर

तो विहिरीपाशी दाढी करत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. विचारलं, लादीला काय लावलंस?

आरशातून बघून म्हणाला, "पाणी."

मी म्हटलं, जयराम, तुझं उष्टं मी ओळखते.

त्याने वस्तरा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाला, "तालुक्याची बाय नको म्हणतली, इतक्याच माझ्या मनात होतां. माझां चेडू पडतलां असां माका सपनातय नाय होतां, अक्का."

"आणि पाट्या? पाट? गंगाचा फ्रॉक?"

त्याने वस्तरा मिटून ठेवला.

"तुला खोली हवी होती?"

"चायचां हॉटेल घालूचां होतां. ट्रक थांबतत, तूच बघतंस. अशी जागा रस्त्यार दुसरी नाय."

"मग मला सरळ सांगायचंस. मी दिली नसती?"

"दिली आसतंस," तो म्हणाला. "म्हणानच सांगूक नाय. मगे सगळो गाव म्हणतलो, बहिणीक दिलेली खोली भावान काडून घेतल्यान."

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. मी त्याला मोठं केलं तेव्हा खोटं बोलू नको म्हणून शिकवलं, चोरी करू नको म्हणून शिकवलं. पण हे कोणी शिकवायचं असतं हे मला कुठे माहीत होतं? त्याला खोली हवी होती आणि चांगला भाऊही राहायचं होतं. त्यासाठी माझी पोरं वाईट ठरली तरी चालतील, बायको खोटी ठरली तरी चालेल, मी वेडी ठरले तरी चालेल. आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवून एकेकाचा कान धरत फिरले. बाबलीचा. सुमंगलाचा. खरं तेवढं त्या पोरीने सांगितलं होतं.

विनोदिनी मागच्या दारात उभी होती. तिने तिच्याच टोपात त्याला भिंडेल वितळवताना बघितलं होतं. विचारलं तर लादीला चकाकी आणतो म्हणाला. "माका खरां दिसलां, वंस. खरां म्हणजे, खरां दिसूचां असां वाटलां," म्हणाली. तिच्यावर कशाला रागावू? मीही दुसरं काय केलं होतं?

२० डिसेंबर

पार्वती बाजारात भेटली. मला बघून हळहळली. "बाय, तुमकाच पोरांचो कंटाळो इलो म्हणे. जयरामबाब सांगा होते. बरां केलात, तुमका सोसना नाय."

दोघी तिघींनी हेच सांगितलं. म्हणजे हेही पुसून झालं. घराची अब्रू म्हणून मी गप्प बसेन हे त्याला पक्कं माहीत आहे. आणि मी खरंच गप्प बसले. पार्वतीला म्हटलं, हो गो, सोसवत नाही. घरी आल्यावर स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

४ जानेवारी १९७९

गोपाळचं मेज आलं. जनेलाला टेकवून बसवलं, रस्त्यावर हात पोचतो. वर काचेचं कपाट, भजी ठेवायला. पाट्यांसाठीचं कपाट ते हेच. पाट्या माझ्या ट्रंकेत आहेत.

आज मागे गुरांच्या मांगराकडे गेले तर विनोदिनी तिथे शेण कालवत बसलेली. आमच्याकडे आता गाय एकच, मांगर अर्धा रिकामा. तिने तो झाडून, भिंतीची जाळी काढून, अर्धी जमीन सारवली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेणाच्या जमनीर तेल पडलां तर जमीनच पिता. पोरगा घसराचा नाय." मी तिच्या बाजूला बसले आणि उरलेली अर्धी सारवली. तिच्या टाचांना फडकी बांधली होती. भिंडेल ते संपलंच होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

आज हॉटेलचं उद्घाटन झालं. भटजी आले, गावातली चार मोठी माणसं आली, ट्रकवाल्यांची रांग लागली. जयरामने नवा सदरा घातला होता. येईल त्याला सांगत होता, "सगळां अक्काच्या आशीर्वादान." मी मागच्या पडवीत होते. बाहेर येणार नव्हते.

भज्यांचा वास गावभर गेला आणि माझी पोरं आली. बोलावलं कोणी नव्हतं. त्यांना ही खोली त्यांचीच वाटते, त्यांना कोणी सांगितलंच नाही. भजी तळायला बोलावलेल्या गोकुळदास पोदेराने, म्हणजे आमच्या पाववाल्याने, हसून त्यांना परातभर भजी दिली. मग जे व्हायचं तेच झालं. बाबली दोन्ही हातांत भजी घेऊन काचेच्या कपाटाला चिकटला. गंगाने मेजावर हात पुसले. लादीवर तेल, बेसनाचे गोळे, चटणी, आणि त्यात सगळ्यांचे तळवे. नव्या काचेवर खालून वर बोटंच बोटं. पाहुणे पाय उचलून चालायला लागले.

जयरामची हाक आली, "अक्का, जरा येवन पूस गे."

सवय अशी की मी उठलेच. एका हातात राखेची वाटी, दुसऱ्यात कोंड्याचं सूप, खांद्यावर फडकं. खोलीत गेले, सगळे बघत होते. जयराम बाजूला सरकला, मला वाट करून दिली. मी वाटी त्याच्या पायापाशी ठेवली, फडकं त्याच्या नव्या सदऱ्यावर टाकलं.

"तू पूस," मी म्हटलं. "तुका येता."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी हलले नाही. मग कोणीतरी हसून म्हणालं, "आज मालकानच पुसूक व्हयां, शुभ आसता." त्यालाही हसावं लागलं. तो गुडघ्यावर बसला, कोंडा पसरला, राख टाकली आणि पुसायला लागला. एक अर्धगोल, त्याला लागून दुसरा. लोक कौतुकाने बघत होते, केवढा साधा माणूस म्हणून.

सुमंगला त्याच्या समोर येऊन बसली. हनुवटीवर टाक्यांचा वण अजून लालच आहे. तिने बापाच्या हाताकडे बघितलं आणि समजुतीने, हळूच सांगितलं, "बाबा, डाव्या हातान नको. आत्या मारता."

त्याचा हात थांबला. त्याने मान वर केली नाही. फडकं उजव्या हातात घेतलं आणि पुसत राहिला. उजव्या हाताने त्याला कधीच नीट जमलं नाही, तेल नुसतं इकडचं तिकडे होत होतं.

मी पोरांना घेऊन मागच्या मांगरात आले. विनोदिनी आधीच पाट मांडून बसली होती.